एका बाकावरचे तीन सलाम
माजी सैनिकांची आपसातील थट्टा आणि आजारपणातला तिचा आधार

पुण्यातील एका ईसीएचएस पॉलिक्लिनिकच्या व्हरांड्यात भिंतीलगत एक लांब बाक आहे. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी त्या बाकावर तीन वृद्ध ठरलेल्या क्रमाने बसलेले दिसतात. डावीकडे माझे वडील, तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार. मधे हवाई दलातील वॉरंट ऑफिसर. आणि उजव्या टोकाला, ‘किनारा जवळ असावा’ म्हणून दाराशी, नौदलातील मास्टर चीफ पेटी ऑफिसर. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. उरलेले दोघे आमचे वॉरंटकाका आणि मास्टरकाका. तिघांचे हुद्दे साधारण एकाच पायरीवरचे, त्यामुळे थट्टेला वरिष्ठ-कनिष्ठतेचा अडसर नाही.

एकदा परिचारिकेने एकाच टोकनाचा क्रमांक तीन वेळा पुकारला. तिघांपैकी कोणीही हलले नाही. अखेर ती बाकापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा मास्टरकाका म्हणाले, “सिस्टर, तोफखान्याला ऐकू येत नाही हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. सुभेदारसाहेबांना हाताला धरून न्या.”

अप्पांनी शांतपणे आपले टोकन पाहिले, मग शेजारचे पाहिले, आणि म्हणाले, “क्रमांक माझा नाही, मास्टरसाहेब. तुमचा आहे.”

त्या व्हरांड्यात रांगेत बसलेले पंचवीस-तीस आजारी लोक हसले. कोणाच्या हातात रक्तशर्करेचा अहवाल होता, कोणाच्या मांडीवर क्ष-किरण चित्राचे पाकीट. क्षणभर त्या सर्वांचा विसर पडला.

मला मात्र घरी येताना त्या विनोदातील दुसरी बाजू जाणवली. तिघांनाही कमी ऐकू येते. अप्पांचे कान तोफांनी घेतले, मास्टरकाकांचे जहाजाच्या इंजिनखोलीने आणि वॉरंटकाकांचे धावपट्टीवरील जेट विमानांनी. मोठ्या आवाजाने अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्र लावणे हाच व्यवहार्य उपाय असतो. कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू संभाषणातून बाजूला होतो आणि एकाकी पडतो; उपचार न केलेला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मानला जातो. अप्पा श्रवणयंत्र लावायला तयार नव्हते. घरातील कोणाच्याही विनवणीने जे झाले नाही, ते वॉरंटकाकांच्या एका वाक्याने झाले. “यंत्र लावू नका सुभेदारसाहेब, आम्ही तुमच्याविषयी काय बोलतो ते न कळलेलंच बरं.” पुढच्या महिन्यात अप्पा यंत्र लावून आले. आता वॉरंटकाका विमानांविषयी बोलू लागले की ते सर्वांदेखत यंत्र काढून खिशात ठेवतात.

थट्टेचे नाते

सैन्यातील ही आपसातील चिडवाचिडवी बाहेरच्या माणसाला कधी कधी भांडणासारखी वाटते. वस्तुतः ती एका जुन्या आणि जगभर आढळणाऱ्या प्रथेची शाखा आहे. मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये ‘थट्टेच्या नात्यां’विषयी लिहिले. काही नात्यांत एकाने दुसऱ्याची चेष्टा करण्याला समाजाची केवळ परवानगी नसते, तर तशी अपेक्षाच असते, आणि दुसऱ्याने राग मानायचा नसतो, असे त्यांचे निरीक्षण होते. मराठी वाचकाला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. दीर आणि भावजय, मेहुणा आणि मेहुणी, लग्नघरातील विहिणी ही सारी आपल्याकडची थट्टेचीच नाती. जिथे जवळीक आहे पण टोकाचा संघर्षही संभवतो, तिथे समाजाने थट्टेची सोय करून ठेवली आहे.

भूदल, नौदल आणि हवाई दल ही अशीच एका घरातील तीन भावंडे. प्रत्येकाचे ब्रीद निराळे: भूदलाचे ‘सेवा परमो धर्मः’, नौदलाचे ‘शं नो वरुणः’, हवाई दलाचे गीतेतून घेतलेले ‘नभः स्पृशं दीप्तम्’. एकाच भूदलातही घरे अनेक. अभियंता दलाचे ब्रीद ‘सर्वत्र’ आणि तोफखान्याचे ‘सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल’. त्यावरून खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधील आमचे एक शेजारी अप्पांना नेहमी ऐकवत, “आमचं सर्वत्र म्हणजे जिथे गरज तिथे. तोफखान्याचं सर्वत्र म्हणजे निशाण सोडून सगळीकडे.” दोन्ही ब्रीदांतील हे साम्य ब्रिटिश काळापासून चालत आले आहे आणि त्यावरचा हा विनोदही जुनाच आहे.

बाकावरील तिघांचे दोन वाद तर कधीच मिटणारे नाहीत. पहिला लोंगेवालाचा. १९७१ च्या डिसेंबरात, ४ तारखेच्या रात्री, राजस्थानच्या वाळवंटात पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनच्या एका तुकडीने शत्रूच्या रणगाड्यांपुढे ठाण मांडले आणि उजाडताच हवाई दलाच्या हंटर विमानांनी ते रणगाडे टिपले. लढाई कोणी जिंकली? अप्पा म्हणतात, रात्र ज्यांनी काढली त्यांनी. वॉरंटकाका म्हणतात, सकाळ ज्यांनी केली त्यांनी. दुसरा वाद कराचीच्या तेलटाक्यांचा. त्याच ४ डिसेंबरच्या रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर धाडसी हल्ला केला. त्या दिवसाचे स्मरण म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन. पण किमारीच्या तेलसाठ्यावर हवाई दलाच्या विमानांनीही हल्ले केले होते. मग आग कोणी लावली? वॉरंटकाका दोन्ही वादांत एक पक्षकार असल्यामुळे त्यांना विश्रांती अशी नाही. “मला एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढावं लागतं,” असे ते म्हणतात, “म्हणून माझा रक्तदाब वाढतो.”

रुग्णालयाच्या दाराशी मात्र या साऱ्या सीमा पुसल्या जातात. तिन्ही दलांसाठीचे अनेक डॉक्टर पुण्यातील एकाच सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात घडतात; १ मे १९४८ रोजी ते स्थापन झाले. निवृत्तांसाठीची ईसीएचएस योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली, तीही तिन्ही दलांसाठी एकत्र. त्यामुळे आयुष्यभर वेगवेगळ्या छावण्यांत राहिलेली माणसे उतारवयात एकाच बाकावर येऊन बसतात. आजार टोपीवरचे चिन्ह पाहून येत नाही. कदाचित म्हणूनच त्या चिन्हाची आठवण करून देणारा मित्र या वयात मोलाचा वाटतो. इतरांच्या लेखी जो ‘पक्षाघाताचा रुग्ण’ किंवा ‘दम्याचे आजोबा’ असतो, तो या मित्रांच्या लेखी अजून ‘तोफखाना’ असतो.

हसण्याने काय होते, काय होत नाही

हसण्याविषयी आरोग्याच्या लेखांत बरीच अतिशयोक्ती आढळते. हास्याने कर्करोग बरा होत नाही, साखर ताब्यात येत नाही आणि औषधाची गोळी वगळता येत नाही. पण जे खात्रीने सांगता येते तेही थोडके नाही. रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मनमोकळे हसल्यानंतर माणसाची वेदना सोसण्याची मर्यादा वाढलेली दिसली. शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होणारी एंडॉर्फिन ही द्रव्ये यामागे असावीत, असे त्यांचे अनुमान आहे.

सर्व विनोद मात्र सारखे नसतात. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा सांगितल्या: नाती जोडणारा, स्वतःला उभारी देणारा, दुसऱ्याला दुखावणारा आणि स्वतःला कमी लेखणारा. पहिल्या दोन मनाला पोसतात, शेवटच्या दोन पोखरतात. बाकावरची थट्टा वरवर तिसऱ्या प्रकारची वाटते, पण प्रत्यक्षात ती पहिल्या प्रकारची असते. कारण तिच्यात चिडवले जाते ते दल, माणूस नव्हे. मास्टरकाका ‘तोफखान्याला ऐकू येत नाही’ म्हणतात. ‘सुभेदार बहिरा झाला’ असे ते कधीच म्हणणार नाहीत. या दोन वाक्यांतील अंतर काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने ओळखावे.

आणखी एक कारण स्मृतीशी निगडित आहे. वृद्धांना आयुष्यातील घटना आठवायला सांगितल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी अधिक संख्येने आणि अधिक ठसठशीतपणे वर येतात. सैनिकाची भरती, प्रशिक्षण आणि पहिली नेमणूक नेमकी याच काळात होते. काल कोणती भाजी खाल्ली हे न आठवणारे अप्पा देवळालीच्या कवायत मैदानावरील उस्तादाची शिवी जशीच्या तशी सांगतात. मित्राच्या एका टोमण्याने स्मृतीचे ते दार उघडते; आपण विचारलेल्या ‘आज तारीख किती?’ या प्रश्नाने बहुधा ते बंद होते.

खांदा आणि सलाम

दोन वर्षांपूर्वी जूनमधील एका सकाळी अप्पांच्या हातातून चहाचा पेला निसटला आणि त्यांचे बोलणे जड झाले. आईने वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली. येथे सर्वांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. चेहरा एका बाजूला झुकणे, एका हातातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक तोल जाणे यांपैकी काहीही दिसले, तर ‘थोडे पडून राहा, बरे वाटेल’ असे म्हणू नये. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्या मर्यादेतही प्रत्येक मिनिट महत्त्वाचे असते. लक्षणे नेमकी केव्हा सुरू झाली, ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

अप्पा वाचले. उजवा हात मात्र निर्जीवासारखा लटकू लागला. भौतिकोपचार तज्ज्ञ बाईंनी आम्हाला पहिला नियम सांगितला: रुग्णाला उठवताना, कूस बदलताना अधू हाताला धरून ओढायचे नाही. स्नायू ढिले पडल्यामुळे खांद्याचा सांधा सरकतो आणि मग वेदना महिनोन्‌महिने छळते. हाताखाली उशी द्यायची आणि दाखवलेले व्यायाम ठरल्या वेळी करायचे. ठरल्या वेळेचा आग्रह अप्पांना पसंत पडला. व्यायाम मात्र नाही. काठी धरून हात वर नेणे, भिंतीवर बोटे चढवणे यांत त्यांना लहान मुलासारखे वाटे.

मग एका दुपारी दोन्ही काका घरी आले. मास्टरकाकांनी खाटेसमोर उभे राहून सलाम ठोकला आणि म्हणाले, “सुभेदारसाहेब, उत्तर द्या. नाहीतर भूदलाने नौदलापुढे हात टेकले असं मी लिहून घेतो.”

सलाम तिन्ही दलांचे निरनिराळे आहेत. भूदलात तळहात समोरच्याकडे उघडा असतो. नौदलात तो जमिनीकडे वळवलेला असतो. जुन्या जहाजांवर डांबराने काळे झालेले हात वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून ही रीत पडली, असे सांगतात. हवाई दलाने २००६ मध्ये दोहोंच्या मधला, सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन स्वीकारला. वॉरंटकाका त्याआधीच निवृत्त झालेले, म्हणून ते आजही भूदलासारखाच सलाम करतात. अप्पा त्यांना म्हणतात, “म्हणजे सलाम आमच्याकडून उसना घेऊन नोकरी केलीत!”

त्या दुपारी अप्पांचा हात छातीपर्यंतही आला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून व्यायामाला नाव मिळाले. भौतिकोपचार तज्ज्ञ बाईंनी हे ऐकले आणि तीन सलामांचे तीन टप्पे ठरवून टाकले. तळहात जमिनीकडे असेल तर खांदा बाहेरच्या बाजूस कमी फिरवावा लागतो, म्हणून आधी नौदलाचा, मग हवाई दलाचा आणि शेवटी भूदलाचा सलाम. अप्पांना हा क्रम फारच झोंबला. “सगळ्यात अवघड सलाम आमचा, हे बाईंनीच सिद्ध केलं,” असा त्याचा अर्थ त्यांनी पुढे लावला, पण नौदलाचा सलाम करायला त्यांनी साफ नकार दिला. कोन तोच, हालचाल तीच. नाव मात्र ‘अर्धा सलाम’ असे ठेवावे लागले.

उत्तर आले नाही तेव्हा

सप्टेंबरमध्ये घरातील वातावरण निवळले असे आम्हाला वाटत होते. अप्पा शांत झाले होते. कुरकुर करत नव्हते. जेवण थोडे कमी झाले होते, पहाटे तीनला जाग येत होती. पण वय झाले की असे व्हायचेच, असे आम्ही एकमेकांना समजावत होतो. मास्टरकाका भेटायला आले. त्यांनी कराचीचा विषय काढला, लोंगेवालाचा काढला, शेवटी तोफखान्याच्या नेमबाजीवर आपला सर्वात जुना टोमणा मारला. अप्पा म्हणाले, “खरं आहे तुमचं.”

बाहेर चप्पल घालताना मास्टरकाकांनी मला बाजूला घेतले. “पोरी, बारा वर्षांत तुझ्या बापाने माझं एकही म्हणणं खरं मानलेलं नाही. उद्याच डॉक्टरांकडे ने.”

डॉक्टरांनी निदान केले ते पक्षाघातानंतरच्या नैराश्याचे. पक्षाघातातून वाचलेल्या रुग्णांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना केव्हा ना केव्हा नैराश्य येते, असे त्यांनी सांगितले. आम्ही ज्याला शांती समजत होतो तो आजार होता. वृद्धांमधील नैराश्य रडण्यातून दिसेलच असे नाही. आवडीच्या गोष्टीतील रस जाणे, भूक आणि झोप बिघडणे, अंगदुखीच्या तक्रारी वाढणे, ‘माझा आता काय उपयोग’ असे शब्द येणे आणि वाद घालणाऱ्या माणसाने अचानक सारे मान्य करू लागणे ही त्याची रूपे असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ अशी चिन्हे टिकली तर डॉक्टरांना सांगावे. जगणे नको झाल्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नये. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही उपलब्ध असतो आणि काळजी घेणारेही तेथे बोलू शकतात.

उपचार सुरू झाले. या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे मधेच सोडू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. दिवाळीच्या सुमारास मास्टरकाका फराळाला आले आणि चकली मोडत म्हणाले, “चकली नौदलाच्या दोरखंडासारखी झाली आहे, भक्कम.” अप्पांनी बराच वेळ घेतला. शब्द अजून सावकाश येत. मग म्हणाले, “म्हणजे… भिजली की… सुटेल.” आई स्वयंपाकघरात गेली आणि पदराने डोळे पुसून बाहेर आली.

विनोदाआडचे दुखणे

जो विनोद आधार देतो तोच कधी पडदाही होतो. सैनिकाला तरुणपणापासून एक उत्तर शिकवलेले असते: ‘एकदम फिट, साहेब.’ वॉरंटकाकांना श्वसनमार्गाचा जुनाट आजार आहे. तरुणपणीच्या धूम्रपानाची ती देणगी. जिन्यावर थांबावे लागले की ते म्हणत, “धावपट्टी मोकळी व्हायची वाट पाहतोय.” आम्ही हसत असू. त्या हसण्यात कित्येक महिने निघून गेले आणि एके दिवशी त्यांना प्राणवायूवर ठेवावे लागले.

तेव्हापासून त्यांच्या सूनबाईंनी प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमीच ‘हो’ येते. म्हणून त्या आकडा विचारतात. आज किती पायऱ्यांनंतर थांबलात? रात्री किती उशा घेतल्या? किती वेळा उठलात? गेल्या आठवड्यापेक्षा कमी की जास्त? सैनिकाला अहवाल देण्याची सवय असते. आकडा मागितला की तो खरा आकडा देतो. ही उत्तरे वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवली की रुग्णाच्या विनोदामुळे तपासणी भरकटत नाही. माणूस आपल्या एकाच लक्षणावर पुन्हा पुन्हा विनोद करू लागला, तर त्या विनोदाकडे लक्ष द्यावे. बहुधा तेथेच दुखत असते.

थट्टेलाही मर्यादा असतात आणि त्या जाणकार सैनिक न सांगता पाळतात. युद्धात गेलेल्या सोबत्यांची नावे थट्टेत येत नाहीत. जखम, अपंगत्व, पत्नी आणि मुले यांना कोणी हात लावत नाही. बाहेरच्या माणसाला या थट्टेत शिरण्याचा हक्क नसतो. माझ्या भाच्याने एकदा उत्साहाने मास्टरकाकांना नौदलावरचा विनोद ऐकवला, तेव्हा पहिल्यांदा आवाज चढला तो अप्पांचा. “तू किती वर्षं समुद्रावर होतास?” एवढेच त्यांनी विचारले. कुटुंबीयांनी श्रोता व्हावे, खेळाडू होऊ नये. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला टोमणा न कळल्यास तो अपमान वाटू शकतो. तेव्हा थट्टा सोडून नुसती जुनी कवायत, जुने गाणे, जुने छायाचित्र पुरे.

घरच्यांनी काय करावे

वयोवृद्ध माजी सैनिकाची काळजी घेताना औषधांच्या वेळापत्रकात मित्रांचीही वेळ लिहावी. तपासणीचे दिवस शक्य असल्यास मित्रांसोबत एकाच दिवशी घ्यावेत. बाहेर पडणे जमत नसेल तर रोजचा एक दूरध्वनी ठरवावा. ठरलेल्या वेळी उत्तर आले नाही तर कोणीतरी चौकशी करतो, ही सुरक्षिततेचीही व्यवस्था आहे. मित्रांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत. मित्र उरले नसतील, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केल्यास जवळपासच्या माजी सैनिकांची गाठ पडू शकते. १५ जानेवारीचा सेना दिन, ८ ऑक्टोबरचा हवाई दल दिन, ४ डिसेंबरचा नौदल दिन आणि १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन दिनदर्शिकेवर खुणेने दाखवावेत. त्या दिवशी आजारी माणसाला आठवणीने शुभेच्छा मिळाल्या, तर त्याला दिवसभर पुरतात.

आणि हे केवळ सैनिकांपुरते नाही. एसटीचे चालक आणि वाहक, रेल्वेचे गार्ड आणि ड्रायव्हर, गणिताचे आणि भाषेचे शिक्षक, टपाल आणि तार खाते. प्रत्येक पेशात असे एक गोड वैर असते. आपल्या घरातील वृद्धाचा तो जुना प्रतिस्पर्धी शोधून काढावा. समवयस्क शुभचिंतक पुष्कळ असतात, पण आपल्याला अजून हरवण्याजोगा समजणारा माणूस विरळा.

यंदाच्या नोव्हेंबरात मास्टरकाकांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचल्याचे कळले. आता उपचार आहेत ते वेदना ताब्यात ठेवण्यासाठी. ४ डिसेंबरला अप्पांनी सकाळीच ब्लेझर मागितला, त्यावर पदके लावून घेतली आणि वॉरंटकाकांसह आम्ही रुग्णालयात गेलो. मास्टरकाका उशीला टेकून बसले होते, खूप वाळले होते. कोणाला काय बोलावे ते सुचेना.

अप्पांनी काठी माझ्या हाती दिली. खाटेसमोर ताठ उभे राहिले. उजवा हात सावकाश वर गेला, कपाळापाशी थांबला आणि तळहात जमिनीकडे वळला. दोन वर्षे ज्याला ‘अर्धा सलाम’ म्हटले होते, तो त्यांनी त्या दिवशी त्याच्या खऱ्या नावाने केला.

मास्टरकाकांनी तो बराच वेळ पाहिला. मग क्षीण आवाजात म्हणाले, “कोपर वर घ्या, सुभेदारसाहेब. नौदलात असं चालत नाही.”

अप्पांनी कोपर थोडे वर घेतले.